एफ ड्राइव्ह सापडत नाही

४ नोव्हेंबर, सोमवार

आज बाडबिस्तरा घेऊन नव्या खोलीत दाखल झालो. गाव नवं, नोकरी नवी, ही वहीसुद्धा नवी. जुना तेवढा मी, वय वर्षं अठ्ठेचाळीस. तरी सकाळपासून शीळ घालावीशी वाटते आहे.

खोली वरच्या मजल्यावर. जिना बाहेरून, पायऱ्या चौदा, त्यातली नववी बोटभर बुटकी. दोन खिडक्या, टेबल, लोखंडी खाट, कपाट. कपाटाचं डावं दार खाली ओघळलंय. बिजागरीला पाऊण इंची स्क्रू लावला की बसेल. विजेचे बोर्ड तीन. तिन्हींचं अर्थिंग तपासलं आणि मगच फोन चार्जिंगला लावला. लोक नव्या खोलीत शिरले की आरसा बघतात, मी बोर्ड बघतो.

बायकोला फोन केला. मुलीची परीक्षा झाली की दोघी इकडे येणार. मी म्हणालो, काळजी करू नकोस, सगळं मी बघून घेतो. त्यावर ती म्हणाली की तुमचं ते बघून घेणं मी एकवीस वर्षं बघतेय, ओटा आहे का तेवढं सांगा. ओटा बघायचाच राहिला होता. आहे.

घरमालक खाली राहतात, नवराबायको दोघंच. काका बहात्तर वर्षांचे. नवव्या वर्षी डोळे गेले. एकतीस वर्षं टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते. माझा आवाज ऐकून म्हणाले, उंची साडेपाच फूट, चष्मा आहे आणि तंबाखू नाही. चष्मा कसा ओळखला असं विचारलं, तर म्हणाले, बोलता बोलता नाकावर वर सारलात, त्याचा आवाज झाला. एकतीस वर्षं माणसं कानांत ओतून घेतली आहेत, म्हणाले. खोटं बोलणारा मला दुसऱ्या वाक्याला कळतो. मी हसलो. तेही हसले.

नोकरी छापखान्यात संगणकांच्या देखभालीची आहे असं सांगितल्यावर ते मला इंजिनिअरसाहेब म्हणू लागले. मी इंजिनिअर नाही. कॉलेजची पायरी चढलेलो नाही. रेडिओ उघडत उघडत शिकलो, मग टीव्ही, मग संगणक. काकांना हे सांगणार होतो, पण तेवढ्यात विषय पाण्याच्या टाकीवर गेला. सांगेन कधीतरी.

६ नोव्हेंबर, बुधवार

कपाटाचं दार बसवलं.

आज काकूंची नीट ओळख झाली. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. चार महिन्यांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, त्यात स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. आता पाटीवर लिहितात. अक्षर असं, की आमच्या छापखान्यात नेऊन दाखवावं. पण ज्याला सांगायचं त्याला पाटी दिसत नाही. मग काका तळहात पुढे करतात आणि काकू बोटाने ठोकतात. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, तीनदा म्हणजे थांबा. सेहेचाळीस वर्षांचा संसार, आणि बोलणं एवढ्यावर आलं आहे.

संध्याकाळी चहाला बोलावलं होतं. पाटीवर लिहिलेलं मी काकांना वाचून दाखवलं. स्वेटर उलटा घातलाय, सकाळपासून हाताने ओढून दाखवतेय, तर म्हणे थंडी नाही. काका खदखदून हसले. म्हणाले की बायकोची बोलणी पुरुषी आवाजात पहिल्यांदाच खाल्ली, पण चव तीच आहे. काकूंनी लगेच लिहिलं, जरा रागावून वाचा हो. मी रागावून वाचलं. काका हसता हसता थांबले आणि माझ्या दिशेने कान करून बसले. मग म्हणाले, रोज याल का? पाच मिनिटं पुरे.

यावर उपायही आहे, तो काकूंनी पाटीभर लिहून सांगितला. ऑपरेशनच्या आधी अकरा आठवडे त्यांनी रोज माइकसमोर बसून वाक्यं बोलून ठेवली आहेत. एकूण एक हजार सहाशे चाळीस. एक सॉफ्टवेअर त्या वाक्यांचे तुकडे जोडतं. काकू टाइप करतील आणि संगणक त्यांच्याच आवाजात बोलेल. पण त्यांचा संगणक जुना, धापा टाकणारा, त्यावर ते बसतच नाही. त्यांच्या मुलीने नवा पाठवलाय, तो खोक्यात पडून आहे. मुलगी पुढच्या रविवारी स्वतः येणार होती.

मी म्हणालो, मुलीला कशाला त्रास. मी बघून घेतो.

९ नोव्हेंबर, शनिवार

दुसरा शनिवार, सुट्टी. सकाळी नऊला हत्यारं घेऊन खाली गेलो. काका खुर्ची ओढून शेजारी बसले. दिसत नसलं तरी प्रत्येक स्क्रू कितव्या आट्याला सुटला ते मोजत होते.

जुन्या संगणकातून दोन डिस्क काढल्या. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, दिसायला जुळ्या बहिणी. एकीत काकूंचे शाळेचे कागद आणि फोटो. तिला जुना संगणक ‘डी’ म्हणायचा. दुसरीत आवाज, तिला तो ‘एफ’ म्हणायचा. काकूंनी दोन्हींवर कसल्याशा चिठ्ठ्या डकवल्या होत्या, कडा उचकटलेल्या, पिवळ्या पडलेल्या. असलं मला बघवत नाही. त्यांच्यावर मी माझी छापील लेबलं लावली, डी आणि एफ, सरळ रेषेत.

बेत साधा होता. नव्या संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर विंडोज टाकायचं. डीमधले कागद आणि फोटो पेन ड्राइव्हवर उतरवून डी साफ करायची, कारण सॉफ्टवेअरला मोकळी डिस्क लागते. एफ आहे तशी ठेवायची.

काकूंनी पाटी पुढे केली. एफची आधी कॉपी?

मी म्हणालो, कशाला, तिला तर हातच लावत नाही.

त्यांनी पाटी पुन्हा पुढे केली. मी काकांना ती वाचून दाखवली नाही. नुसता हसलो आणि म्हणालो, काकू, एकवीस वर्षांत माझ्या हातून कुणाची एक फाईल गेलेली नाही.

माउसने टिचक्या मारत बसणारे वेगळे. मी काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून काम करतो. साफही पूर्ण करतो, कोपरा न् कोपरा शून्य लिहून. तीन तास दहा मिनिटं लागली. काकांना तो घरघराट आवडला. म्हणाले, जुन्या एक्स्चेंजची आठवण झाली.

विंडोज बसलं. सॉफ्टवेअर उद्या.

१० नोव्हेंबर, रविवार

सकाळी सॉफ्टवेअर टाकायला घेतलं. पडद्यावर चौकट आली. एफ ड्राइव्ह सापडत नाही. मी काकांना समजावून सांगितलं की अक्षर काही डिस्कवर कोरलेलं नसतं, चालू होताना संगणक ते वाटतो. नव्या संगणकाने वेगळी वाटली आहेत, आवाजाच्या डिस्कला एफ दिलं की झालं, दोन मिनिटांचं काम.

ई उघडली. शाळेचे कागद. फोटो. सहलीला गेलेल्या मुली रांगेत उभ्या.

डी उघडली. मोकळी.

इथे तरी खरं लिहितो. कालच्या काळ्या पडद्यावर अक्षरं वेगळी लागतात, हे मला ठाऊक आहे. मी चार जणांना शिकवलंय. तिथे कागदांची डिस्क ‘सी’ झाली होती आणि आवाजाची ‘डी’. मी लेबलावर डी वाचलं, पडद्यावर डी बघितलं आणि डी टाइप केलं. आज्ञा देण्याआधी तीन वेळा वाचायचं हा माझा नियम, आणि मी तीन वेळा वाचलंसुद्धा. चुकीचंच तीन वेळा वाचलं. एफची केबल काढून ठेवली असती तरी भागलं असतं. काढली नाही, कारण केबली आधीच पट्टीने बांधून झाल्या होत्या आणि छान दिसत होत्या.

कॅबिनेट उघडलं. मोकळ्या डिस्कवर माझं एफचं लेबल होतं. नखाने सोललं. खाली काकूंची चिठ्ठी. त्यावर त्या सुंदर अक्षरात एकच शब्द होता, आवाज.

लेबल परत चिकटवलं. दाबून.

काकांनी विचारलं, काय झालं, गप्प का झालात. काकू दारात पाटी धरून उभ्या होत्या. मी तोंड उघडलं तेव्हा खरं सांगायचं असंच मनात होतं, देवाशपथ. तोंडातून आलं, डिस्क आधीच खराब होती.

काकांनी मान तिरकी केली. म्हणाले, पुन्हा एकदा सांगा.

मी सांगितलं, डिस्क आधीच खराब होती.

मग काका म्हणाले की दोन्ही वेळा अगदी सारखं बोललात, एक श्वाससुद्धा इकडचा तिकडे नाही. आणि तळहात पुढे केला. काकूंनी काहीच ठोकलं नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

डिस्क छापखान्यात नेली. जेवणाच्या सुट्टीत आणि नंतरही माझ्याकडची झाडून सगळी साधनं चालवून पाहिली. शून्यं. अथपासून इतिपर्यंत शून्यं. मी घाईगर्दीत वरवर फॉरमॅट करणारा माणूस असतो, तर आज सगळं परत मिळालं असतं. आवाज साठवणाऱ्या केंद्राला फोन केला. त्यांची प्रत ऑपरेशननंतर साठ दिवसांनी पुसतात. काकूंना तशी सूचना दिली होती, म्हणाले, तुमच्याकडे प्रत आहे ना? मी हो म्हणालो.

संध्याकाळी पाटी वाचायला खाली गेलो. काकूंनी काकांसाठी नाही, माझ्यासाठी लिहून ठेवलं होतं. जुनी डिस्क, तुमचा काय दोष, जेवत नाही वाटतं तुम्ही. हे मी काकांना मोठ्याने वाचून दाखवलं, शेवटपर्यंत.

काकूंना पुन्हा माइकसमोर बसता येत नाही. हे एवढं एकच वाक्य दिवसभर डोक्यात घुमतंय.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

काकूंच्या मुलीने फोनवरून सुचवलं की सॉफ्टवेअरमध्ये एक तयार आवाज असतो, कुणा परक्या बाईचा, निदान तो तरी लावा. काका म्हणाले, या वयात परकी बाई घरात बोलायला आणतोय, लोक काय म्हणतील. काकू हसल्या नाहीत.

रजा टाकून दुपारी बसलो. तयार आवाज हवा असला तरी इन्स्टॉलर आधी एफच मागतो, जुन्या नोंदीत तेच अक्षर आहे. त्याचं तोंड बंद करायला मी मोकळी डिस्क परत बसवून तिला एफ हे अक्षर दिलं आणि पुढे जा दाबलं.

पडद्यावर आलं, १ वाक्य सापडलं. १६३९ बाकी.

मोकळ्या डिस्कवर एक फाईल. तीन सेकंदांची. मला वाटलं, काकूंचं एक वाक्य वाचलं. काकांना हाक मारणार होतो, पण आधी हेडफोन लावून ऐकलं.

माझा आवाज होता. डिस्क आधीच खराब होती.

या संगणकाला माइक नाही. मी लावलेलाच नाही. मागच्या सगळ्या जागा हाताने चाचपून पाहिल्या. फाईल पुसली. सॉफ्टवेअर बसत नाही असं काकांना सांगून वर आलो.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज २१२.

सगळी मीच बोललेली वाक्यं. कशाला, तिला तर हातच लावत नाही, हे आहे. रोज याल का, याला मी दिलेलं उत्तर आहे. स्वेटर उलटा घातलाय, हे दोनदा, साधं आणि रागावलेलं. बायकोला सांगितलेलं, ओटा आहे. ते तर मी वरच्या खोलीत बोललो होतो, त्या वेळी हा संगणक खोक्यात होता.

कारण शोधायला हवं. प्रत्येक बिघाडाला कारण असतं, हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो. डिस्क काढली, वर आणली, टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली, डावं दार नीट लावलं. खाली जाऊन संगणक चालू केला.

एफ तिथेच. २१४ वाक्यं.

१७ नोव्हेंबर, रविवार

काल छापखान्यात मॅनेजरने नमस्कार केला. मी नमस्कार म्हणालो. ओठ हलले, आवाज नाही. त्याला वाटलं घसा बसलाय, गरम पाणी पी म्हणाला. बाकीचं बोलणं ठीक होतं. संध्याकाळी एफ उघडून शोधलं. नमस्कार आहे. गेल्या सोमवारी म्हटलेला.

म्हणजे जे तिथे गेलं ते इथे उरत नाही.

आज मुद्दाम तपासलं, यादी करून, एकेक वाक्य. ओटा आहे, नाही म्हणता येत. मी बघून घेतो, नाही. रोज येईन, नाही. जिन्याच्या पायऱ्या चौदा आहेत, हे आलं, नीट, स्पष्ट. तासाने खाली जाऊन पाहिलं तर तेही एफमध्ये. परत वर येऊन म्हणून पाहिलं. नुसती हवा.

काका विचारत होते की इंजिनिअर दोन दिवस पाटी वाचायला का आला नाही. काकूंनी वर येऊन पाटी दाखवली. रागावलात का? मी मान हलवली. कमीत कमी बोलायचं ठरवलंय.

१८ नोव्हेंबर, सोमवार

७३०.

बायकोचा फोन. हॅलो गेलेलं आहे, मग गप्पच राहिलो. ती म्हणाली, एवढा काय राग, सव्वीस तारखेची तिकिटं काढली आहेत, आता बघून घ्या. तिला नावाने हाक मारायची होती. एकवीस वर्षं मारतोय ती हाक. आधीच गेली होती.

काकांना सांगून टाकायला हवं. सगळं. बोलणं शिल्लक आहे तोवर.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सांगायला गेलो. वाक्य पाठ करून. काका, काकूंचा आवाज माझ्या चुकीने पुसला गेला. साधं आहे, शब्द सात. आधी कधीच उच्चारलेलं नाही, म्हणजे अजून माझंच होतं. जिन्यावरसुद्धा म्हटलं नाही, वाया जाईल म्हणून.

काका खिडकीशी बसले होते. ऊन तोंडावर. म्हणाले, या, नववी पायरी आज जपून उतरलात. मी समोर बसलो. हात हातात घेतला. तोंड उघडलं.

डिस्क आधीच खराब होती.

खणखणीत. माझा एवढा स्वच्छ आवाज मी आठ दिवसांत ऐकला नव्हता.

काकांनी हात सोडवून घेतला नाही. म्हणाले, ही तिसरी वेळ. पुन्हा अगदी तस्संच.

आणि मग हळूच म्हणाले की बोलायचं काही असेल तर बोला, मी एकतीस वर्षं लाइन धरून बसलेला माणूस आहे, मला घाई नाही.

मी पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तेच. मग स्वतःच्या हाताने तोंड दाबून उठलो.

२० नोव्हेंबर, बुधवार

१६३९. एकच बाकी.

गेलो नाही कामावर. बोललो नाही. झोपेत बोलत असेन—

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी अकरा. मी जिन्यात होतो, सहाव्या पायरीवर. खालून माझा आवाज आला.

स्वेटर सुलटा आहे, आज शाबास.

मग काका. म्हणाले, इंजिनिअर, कधी आलात, पावलं वाजली नाहीत. माझा आवाज म्हणाला, इंजिनिअर नाही, मी आहे, मी. संगणक बोलतोय.

दारातून पाहिलं. पडद्यावर लिहिलं होतं, १६४० वाक्यं सापडली, काम पूर्ण झालं. काकू टाइप करत होत्या. चेहरा पांढरा. तरी टाइप करत होत्या, कारण चार महिन्यांनी— काका रडत होते. हात पुढे करून, संगणकाच्या दिशेने. म्हणाले, आवाज कुणाचा का असेना, तू बोल.

मी आत गेलो नाही.

बोलू शकत नाही आता काहीच. ते एक सोडून.

तोच दिवस, दुपारी

काकू वर आल्या होत्या. मी खाटेवर. त्यांनी कपाट उघडलं. डिस्क कुठे आहे कुणी सांगितलं त्यांना— टॉवेल सोडला. लेबलाची कड उचकटली होती, मी दाबून चिकटवलं होतं तरी. त्यांनी सोललं. स्वतःची चिठ्ठी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. खराब डिस्क कुणी अशी लपवत नाही, हे त्यांना कळलं.

पाटी आणली नव्हती.

खाली गेल्या. कळांचा आवाज. बराच वेळ, ठोकून ठोकून. त्या काकांना सांगत होत्या. मी कान दिला. मला हायसं वाटलं, अगदी खरं सांगतो, सुटलो असं वाटलं.

मग संगणक बोलला. माझ्या आवाजात—

डिस्क आधीच खराब होती.

पुन्हा कळा. पुन्हा तेच. पुन्हा. काकूंनी काहीही टाइप केलं तरी तेच. पाचवी वेळ, काका म्हणाले. सहावी. मग मोजायचे थांबले. तळहातावर ठोकल्याचा आवाज आला. दोनदा. दोनदा. दोनदा. नाही, नाही, नाही. काका विचारतायत, काय नाही? काय नाही, अगं काय?

एवढंच विचारतायत. अजून.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

खाली तो आवाज बंद होत नाही. वीज काढली तरी. काकूंचे हात मांडीवर आहेत, टाइप कुणी करत नाही— मी खिडकीतून पाहिलं.

लिहून द्यायचं ठरवलं. कागद घेतला. नीट बसून, सरळ ओळीत. उतरलं तेच. चार कागद. फाडले.

म्हणजे आता लिहिणंही—

पण दहा तारखेचं पान आहे. या वहीत. ते तेव्हाच लिहिलंय, ते खरं आहे, आत्ता वाचून पाहिलं. तसंच्या तसं आहे. ही वही काकूंना देतो. काकूंना कळलंच आहे. पण त्यांची मुलगी रविवारी येतेय, ती काकांना वाचून दाखवेल. तिच्या आवाजात. तिचा आवाज त्यांना—

पुरे. जातो. चौदा पायऱ्या.

खाली सही करून ठेवतो, म्हणजे शंका नको. दहा तारखेच्या पानावर आहे ते सगळं माझ्या हातचं, खरं आहे. काकूंनी कॉपी करा म्हटलं होतं. मी ऐकलं नाही. तो आवाज मी पुस

ती डिस्क मी

ती डिस्क आधी

नाही. मी. मी पुसला. ती डिस्क आधीच खरा